ओझर ते सांबरा: ऐंशी टप्प्यांचं विमान

नाना एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे मावशीकडे बेळगावला विमानाने जायचं ठरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "टप्पे किती?"

मी नाशिकचं ओझर आणि बेळगावचं सांबरा या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढलं. साधारण ४७८ किलोमीटर. एसटीचं भाडं टप्प्यांवर मोजतात, एक टप्पा सहा किलोमीटरचा. "एकोणऐंशी पूर्ण, वर चार किलोमीटर. सुरू झालेला टप्पा पूर्ण धरायचा. ऐंशी," नाना म्हणाले. पुणे, कोल्हापूर करत रस्त्याने गेलं तर हेच अंतर साडेपाचशेच्या घरात जातं.

गंगापूर रोडवरून १०.१० ला निघालो. आडगाव सोडलं की हायवे मोकळा मिळतो. सुखोई लढाऊ विमानं जिथे तयार होतात त्या एचएएल या सरकारी कंपनीच्याच धावपट्टीवरून आपली प्रवासी विमानंही उडतात. पोहोचलो ११ ला. विमान साडेबाराचं होतं, हललं १.२५ ला. उशिराचं कारण कोणी धड सांगितलं नाही. नानांनी बोर्डिंग पास उलटा करून कंडक्टर तिकिटांच्या नोंदी ठेवतो त्या वेबिलासारख्या रेघा आखल्या आणि वेळा लिहायला घेतल्या. (पेन खिशाला कायम असतं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी.)

विमान पन्नास सीटचं, एम्ब्रेअर. डावीकडे एकेक सीट, उजवीकडे दोन-दोन. आत शिरताच नानांनी नजरेनेच माणसं मोजली. "एकतीस. लोड नाही."

जायचं होतं सरळ दक्षिणेला, पण धावपट्टी पूर्व-पश्चिम. सांबऱ्याचीही तशीच. म्हणजे उडाल्यावर एक वळसा आणि उतरताना दुसरा. नकाशावरच्या सरळ रेषेत हे वळसे धरलेले नसतात. हे विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास जातं, त्या हिशेबाने ४७८ किलोमीटरला ३६ मिनिटं पुरायला हवीत. पण चढणं, उतरणं आणि वळणं यांत वेळ जातोच. वेळापत्रकात तर जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरतात, म्हणून तिकिटावर तासभर लिहिलेला असतो.

उजव्या खिडकीतून सह्याद्रीची धार बराच वेळ सोबत होती. मग खाली उसाचे हिरवे चौकोन दिसायला लागले. नानांचं लक्ष घड्याळाकडे. चाकं सुटली १.३८, टेकली २.२१.

सांबरा आटोपशीर आहे, बॅगा पटकन मिळाल्या. पुढे रिक्षा आणि टिळकवाडी.

मावशी दारातच. "लवकर आलात की रे! किती वेळ लागला?"

"त्रेचाळीस मिनिटं," मी ऐटीत सांगितलं.

नानांनी खिशातून बोर्डिंग पास काढून तिच्यासमोर धरला. पहिली नोंद १०.१०, घर. शेवटची त्यांनी जिना चढता चढताच केली होती. ३.१५.