तुम्ही विचारलेत म्हणून: छोटा संदेश लगेच का पाठवत नाही?

आमच्या नेटवर्क लायब्ररीला दिलेला छोटा संदेश त्याच क्षणी का निघत नाही आणि टीसीपी_नोडिले (टीसीपी या इंटरनेटवरच्या वहनपद्धतीला छोटे तुकडे न अडवता लगेच धाडायला सांगणारी सेटिंग) लावून आम्ही मोकळे का होत नाही, हे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की उत्तर एकदाच लिहून ठेवतो. नोडिले केव्हाच लावलेले आहे, आणि संदेश अडवून धरणारा कोणताही टाइमर लायब्ररीत नाही.

ते लावण्याची वेळ एका तक्रारीमुळे आली. दोन सर्व्हरांमधली पॅकेटची जा-ये एका मिलिसेकंदाच्या आतली, तरी प्रत्येक विनंतीला 40 मिलिसेकंद लागत होते. पॅकेटे पकडून पाहिली तेव्हा क्रम उघड झाला. विनंतीचे हेडर (मजकुराआधीची माहिती) एका राइटने (डेटा पाठवण्याच्या कॉलने) जात होते आणि मजकूर दुसऱ्या. हेडर निघाले, मजकूर छोटा, म्हणून नेगल अल्गोरिदमने (आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत छोटे तुकडे साठवून ठेवण्याच्या टीसीपीच्या नियमाने) तो हेडरची पोच येईपर्यंत रोखला. पलीकडच्या लिनक्सच्या हाती अर्धीच विनंती, त्यामुळे उत्तर देण्यासारखे काही नव्हते, आणि पोच उत्तराबरोबरच धाडावी या हिशेबाने त्याने तीही लांबवली. टाइमर संपला की नुसती पोच येई आणि तिच्या पाठोपाठ मजकूर सुटे. आमच्या चाचण्या दर वेळी नवी जोडणी उघडत, आणि नव्या जोडणीवर लिनक्स सुरुवातीला पोच तत्परतेने देतो, म्हणून तिथे हे कधीच दिसले नव्हते. हा अल्गोरिदम सुचवणाऱ्या जॉन नेगल यांना मी दोष देत नाही. 1984 च्या आरएफसी 896 या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात त्यांच्यापुढे प्रश्न होता तो दाबलेल्या एकेका कळीच्या एका बाइटमागे 40 बाइटांचे हेडर वाहण्याचा.

नोडिले नेगल अल्गोरिदम बंद करते; ते लावताच 40 मिलिसेकंद गेले. तुमचा सल्ला इथवर बरोबर आहे. पण भार वाढला तसा प्रत्येक संदेश दोन सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या मागण्या) आणि दोन पॅकेटे खाऊ लागला, सीपीयू त्यातच अडकला, रांग साचली, आणि जिच्यासाठी थ्रूपुटवर (ठरावीक वेळेत जाणाऱ्या एकूण डेटावर) पाणी सोडले ती लेटन्सीच (संदेशाला लागणारा वेळ) बिघडली. म्हणून आता इव्हेंट लूपच्या (आलेली कामे एकामागून एक हाताळणाऱ्या चक्राच्या) एका फेरीत जमलेले सारे संदेश फेरीअखेर एकाच राइटव्हीने (अनेक तुकडे एकत्र पाठवणाऱ्या कॉलने) जातात. भार कमी असेल तर एकटा संदेश तसाच निघतो; भार वाढला की गठ्ठा आपोआप मोठा होतो.

तुमचा एखादा कॉलबॅक (लूप बोलावतो ते तुमचे फंक्शन) पाच मिलिसेकंद चालला, तर आधी दिलेला संदेश तेवढा वेळ थांबतो, हे मात्र खरे. त्यासाठी फ्लश, म्हणजे साठलेले लगेच पाठवण्याचा कॉल, आहे. फ्लश केव्हा करावा हा प्रश्न वापरकर्त्याला पडताच कामा नये, असे मी कधीकाळी दस्तऐवजात ठणकावून लिहिले होते. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते की संदेश तातडीचा आहे हे लायब्ररीने ओळखायचे कसे? त्यावर तोही विचारील की प्रत्येक ओळीनंतर फ्लश लिहिणाऱ्यांचे तू काय करणार आहेस? त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. तसा कोड मी रोज पाहतो.

शिवाय फ्लश केलेला संदेशही कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये आधीच्या मोठ्या फाइलमागे अडकू शकतो. टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट या सेटिंगने तिथली न पाठवलेली शिल्लक मर्यादित ठेवता येते, पण मर्यादा फार खाली आणली की लूप वेळेवर भर घालू शकत नाही आणि वायर रिकामी पडते. तिचे मूल्य मी दोनदा बदलले आहे आणि आताचेही टिकेल असे वाटत नाही.