ठिगळं काढून रफू

आई सांगलीहून आली तेव्हा तिला पहिल्यांदा इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातलं जुनं, भव्य चर्च, यॉर्क मिन्स्टर, दाखवायला नेलं. रंगीत काचांच्या तुकड्यांतून चित्रं साकारलेल्या पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली ती मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "अगं, हे सगळं हातानं?"

हो, हातानंच. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटननं १४०५ ते १४०८ या काळात ही खिडकी घडवली. मुदतीत काम संपवल्याचे १० पौंड धरून त्याला मिळाले एकूण ५६ पौंड! टेनिस कोर्टाएवढा पसारा, ३११ तावदानं. वर सृष्टीची उत्पत्ती, खाली जगाचा अंत. रंग काचेतच आहे; पण डोळे, केस, वस्त्रांच्या चुण्या कुंचल्यानं काढून भट्टीत पक्क्या केल्यात.

काचेला तडा गेला की पूर्वी तिथे शिशाची पट्टी घालून ती सांधत. सहाशे वर्षांत अशा पट्ट्या इतक्या वाढल्या की कुठे गालावरून, कुठे थेट डोळ्यावरून काळी रेघ गेलेली. २००८ पासून तावदानं उतरवून ती कार्यशाळेत नेली आणि एकेक तुकडा सुटा केला. कापसाच्या बोळ्यानं मळ काढायचा, पण थॉर्नटनच्या कुंचल्याची रेघ जाऊ द्यायची नाही. शक्य तिथे मधल्या पट्ट्या काढून तुकडे कडेला कड लावून पारदर्शक डिंकासारख्या रसायनानं चिकटवले. चेहरे पुन्हा चेहऱ्यांसारखे दिसू लागले.

"म्हणजे ठिगळं काढून रफू केलं," आई म्हणाली. तिनं आजीची पैठणी अशीच जपली आहे.

पण हे रसायन उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं. म्हणून बाहेरून ते किरण अडवणाऱ्या साध्या काचेची दुसरी खिडकी बसवली. पाऊस-वारा आता तिच्या अंगावर. दोन्हींच्या मधल्या फटीत चर्चमधली हवा खेळती राहते, त्यामुळे जुन्या काचेवर दंव साचत नाही. मला या कामातलं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. नुसती दुरुस्ती करून कारागीर थांबले नाहीत, जुन्या काचेला आडोसाही दिला. शेवटचं तावदान २०१८ मध्ये जागेवर गेलं.

आम्ही गेलो ती दुपारची वेळ होती, ऊन मागच्या बाजूला गेलेलं. बाहेर पडताना आई म्हणाली, "पूर्वेची खिडकी आहे ना? मग उद्या सकाळी परत येऊ."