आई-बाबांना अमेरिकेत आणायला पगार किती लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कागदपत्रं घेऊन आलेली माणसं काम आटपून उठता उठता विचारतात, “ताई, आई-बाबांचं ग्रीन कार्ड करायचंय, माझ्या पगारात बसेल का?” माझ्या आईला मी इथे आणलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी वकील नाही. पण उत्पन्नाचे कागद रोज हाताखालून जातात, आणि आईच्या खर्चाची हमी देणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे फॉर्म आय-864 वर, प्रायोजक म्हणून सही मी स्वतः केली आहे.

बहुतेकांच्या पगारात बसतं. सरकार दर वर्षी गरिबीरेषेचा तक्ता काढतं आणि तुमचं उत्पन्न त्या आकड्याच्या 125 टक्के हवं, एवढीच अट आहे. 2025 च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांना 26,437 डॉलर, तिघांना 33,312, चौघांना 40,187, पाच जणांना 47,062 आणि सहा जणांना 53,937. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे, जास्त आहेत. कॅनडात राहणाऱ्यांना हे ऐकून हेवा वाटतो. तिथे सलग तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, नेहमीच्या किमान आकड्यावर 30 टक्के जास्त, आणि एवढं करूनही अर्जाचं बोलावणं सोडतीत यावं लागतं. अमेरिकेत आई-वडिलांच्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही. फक्त अर्ज करणारं मूल अमेरिकेचं नागरिक हवं आणि 21 वर्षांचं झालेलं हवं. ग्रीन कार्डावर असताना आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही.

खरी गडबड होते ती माणसं मोजताना. लोक म्हणतात, आई एकटीच येणार, म्हणजे दोन माणसांचा आकडा. तसं नाही. तुम्ही, तुमचा नवरा किंवा बायको (ती कमावत नसली तरी), 21 वर्षांखालची अविवाहित मुलं, रिटर्नमध्ये अवलंबून म्हणून दाखवलेलं कुणी असेल तर ते, पूर्वी तुम्ही अशीच सही करून आणलेलं कुणी असेल तर ते, आणि आता येणारं माणूस. नवरा-बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे पाच. आई आणि वडील यांचे अर्ज वेगळे असतात आणि प्रतिज्ञापत्रंही वेगळी. पण दोघं एकदमच येणार असतील तर दोघांना धरूनच हिशेब करा, असं मी सांगते. म्हणजे सहा.

न्यू जर्सीत 2025 चं किमान वेतन ताशी 15.49 डॉलर होतं. त्या दराने आठवड्याला 40 तास वर्षभर काम केलं तर 32,219 डॉलर होतात. एकट्या मुलाला किंवा मुलीला तेवढ्यावर आईला आणता येतं. आई आणि वडील दोघांना धरून हिशेब केला तर तीन माणसांचा आकडा लागतो आणि सुमारे 1,100 डॉलर कमी पडतात. दुकानात किंवा गोदामात पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाला सगळं करून एवढ्याशासाठी अडकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वतःचा धंदा असणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. इथे उलाढाल मोजत नाहीत, खर्च वजा जाता उरलेला नफा मोजतात. गाडी, फोन, घरातली ऑफिसची खोली, सगळं वजा करून कर वाचवायचा आणि मग त्याच रिटर्नवर आई-वडिलांचा अर्ज टाकायचा, हे जुळत नाही. धंदा 90,000 चा असेल आणि नफा 30,000 दाखवला असेल, तर तुमचं उत्पन्न 30,000. म्हणून धंदेवाल्यांना मी सांगते की अर्जाचा विचार मनात आला की आधी आपल्या रिटर्नकडे या नजरेने बघा. नोकरदारांसाठी गेल्या वर्षीच्या रिटर्नपेक्षा आजची कमाई महत्त्वाची. गेल्या वर्षी भरपूर पगार होता पण आज नोकरी नाही, तर तो आकडा कामाचा नाही. उलट, पगार नुकताच वाढला असेल तर कंपनीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या जोडता येतात.

कमी पडलं तर वाटा तीन. घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाची मिळकत जोडणं, बचत दाखवणं, किंवा जोडीला दुसरा प्रायोजक घेणं. बचत कमी पडलेल्या रकमेच्या पाचपट लागते. सहा जणांच्या घरात 50,000 उत्पन्न असेल तर तूट 3,937 ची, म्हणजे बचत 19,685 हवी. ती वर्षभरात रोख करता येण्यासारखी असावी लागते. इथे आई-वडिलांचीही बचत धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या आईला सांगितलं तेव्हा तिने कपाटातून एफडीच्या पावत्यांची प्लास्टिकची पिशवी काढली आणि एकेक पावती फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून मला तारखा वाचायला लावल्या. माझ्या उत्पन्नात भागत होतं, तिच्या पैशांची गरज नव्हती. तरी तिला तिचं काहीतरी त्या फाइलमध्ये हवं होतं. दोन पावत्या मी जोडल्या.

कारण फॉर्म आय-864 मी तिला मराठीत समजावून सांगितला होता आणि तो ऐकून ती जरा वेळ बोललीच नव्हती. मग म्हणाली, “म्हणजे तू सरकारला लिहून देणार की हिचा भार तुमच्यावर पडणार नाही.” अगदी तेच. तो माहितीचा फॉर्म नाही, करार आहे. 1996 च्या कायद्याने त्याला कोर्टात उभं राहण्याची ताकद दिली. गरिबांसाठीच्या काही योजनांचा पैसा आई-वडिलांनी घेतला, तर ते खातं तो तुमच्याकडून वसूल करू शकतं. तुम्ही सांभाळलं नाही तर आई-वडील स्वतःही दावा लावू शकतात. तुमचा पत्ता बदलला तर 30 दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर दंड आहे. आणि याला शेवटची तारीख नाही. ते नागरिक झाले, किंवा इथे 40 तिमाह्यांचं काम त्यांच्या नावावर जमा झालं, किंवा ग्रीन कार्ड सोडून कायमचे परत गेले, किंवा ते वारले किंवा तुम्ही वारलात, तर ते संपतं. सत्तरीतल्या आईच्या 40 तिमाह्या कुठून होणार?

यात सुनांचा विषय मला मुद्दाम काढावासा वाटतो. सासू-सासऱ्यांसाठी अर्ज मुलालाच करावा लागतो, पण त्याचं उत्पन्न पुरत नसेल तर सुनेची मिळकत जोडतात आणि तिची वेगळ्या फॉर्मवर सही घेतात. त्या सहीने तीही तितकीच बांधली जाते. ही जबाबदारी संपण्याच्या यादीत घटस्फोट नाही. माझ्यासमोर नवऱ्याने “इथे सही कर” म्हणून कागद पुढे सरकवलेले मी पाहिले आहेत. मी तेव्हा थांबवते आणि तिला तो कागद पूर्ण वाचायला सांगते, नवऱ्याला आवडो न आवडो. मित्राने दुसरा प्रायोजक व्हायचं म्हटलं तरी हेच. तो नातेवाईक नसला तरी चालतो, पण 125 टक्के त्याच्या घराच्या हिशेबाने पुरे पडावे लागतात, आणि त्याने सही केली म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही.

आकडा जमला की लोक निश्चिंत होतात आणि विम्याचं विसरतात. 65 च्या पुढच्या आई-वडिलांना मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायची तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. नंतरही फुकट नाही. इथे कधीच नोकरी केली नसेल तर 2025 च्या दराने पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) चे महिन्याला 518 आणि पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) चे 185, म्हणजे 703 डॉलर एका माणसाचे. पहिली पाच वर्षं खासगी विमा घ्यावा लागतो आणि वयाप्रमाणे हप्ता चढतो. फॉर्मवरचे 125 टक्के यातलं काहीच धरत नाहीत. तुमचा खरा हिशेब इथून सुरू होतो.

आणखी एक. आई-वडिलांना वर्षातले पाच-सहा महिनेच यायचं असेल, शेती, घर, शेजारपाजार सोडवत नसेल, तर ग्रीन कार्डाच्या मागे लागू नका. पर्यटक व्हिसावर ते येऊ-जाऊ शकतात. ग्रीन कार्ड घेऊन वर्षभर गावी राहिलं तर परतताना ते धोक्यात येतं. त्यांना विचारताना भाऊ, बहीण, सून यांच्यासमोर विचारू नका. एकटं गाठून विचारा, आणि “नाही” म्हणायला जागा ठेवा.

आम्ही भावंडांनी अर्ज पाठवण्याआधीच बसून ठरवलं होतं. सही माझी, कारण नागरिकत्व माझंच झालेलं. विम्याचा हप्ता दादा भरतो, औषधं आणि दवाखान्याच्या खेपा माझ्याकडे, आणि आईच्या एफडीला कुणी हात लावायचा नाही. दादाने ते एका ईमेलमध्ये लिहून सगळ्यांना पाठवलं. पुढे हप्ता दोनदा वाढला, तेव्हा त्या ईमेलमुळे कुणाला कुणाला काही विचारावं लागलं नाही.