फोर्कनंतर कोणाकडे काय उरतं: छोटा शेल लिहिण्याचा माझा अनुभव

आमच्या ऑफिसचं काम लिनक्सवर चालणाऱ्या एका उपकरणाचं. त्यातला मुख्य डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिलेला आहे. तो काही मदतनीस प्रोग्रॅम सुरू करतो आणि त्यातला कुणी मेला की पुन्हा उठवतो. हा डीमन माझ्याकडे आला तेव्हा त्यातले फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं), पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडणारी नळी), सिग्नल (प्रोसेसला कर्नलकडून मिळणारा इशारा) सगळे वाचता येत होते, पण अमुक ओळ तिथे का आहे हे सांगता येत नव्हतं. कुठली ओळ काढली तर काय मोडेल हे कळल्याशिवाय अशा कोडला हात लावू नये, असं माझं मत. म्हणून आधी घरी बसून एक छोटा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. त्यात या तिन्ही गोष्टी एकदमच अंगावर येतात, आणि काही चुकलं तर उपकरण बंद पडत नाही.

पुस्तकातलं उदाहरण उतरवण्यापेक्षा चालत्या शेलवर पाळत ठेवायची असं ठरवलं. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश. बॅशपेक्षा तो खूपच आटोपशीर, त्यामुळे एसट्रेस -एफ (प्रोग्रॅम आणि त्याचे चाइल्ड कर्नलला काय काय मागतात ते छापणारं साधन) लावून त्याच्याकडून ‘एलएस | डब्ल्यूसी -एल’ करून घेतलं तरी पडदा वाहून जात नाही. प्रत्येक टप्प्यावर डॅश काय करतो ते बघायचं, आपलं लिहायचं, मग आपल्या शेलवरही एसट्रेस लावून दोन्ही शेजारी ठेवायचं.

साधी कमांड चालवणं लवकर जमलं. फोर्क करायचं, चाइल्डमध्ये म्हणजे नव्या प्रतीत एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चढवणं), पॅरेंटमध्ये म्हणजे मूळ प्रोसेसमध्ये वेटपिड (चाइल्ड संपायची वाट बघणं). सीडी मात्र शेलला स्वतःच्याच प्रोसेसमध्ये करावं लागतं, कारण चाइल्डने डिरेक्टरी बदलली तर ती फक्त त्याची बदलते. रिडायरेक्शनही सोपं निघालं. फाइल डिस्क्रिप्टर हा नुसता आकडा असतो: ० इनपुट, १ आउटपुट, २ एरर. फाइल उघडायची, ड्यूप२ करून ती १ वर बसवायची, मूळ आकडा बंद करायचा. एक्झेक झालं तरी हे आकडे जागेवर राहतात, म्हणून एलएसला आपण फाइलमध्ये लिहितोय याचा पत्ताही नसतो. फोर्कमध्ये आकड्यांच्या तक्त्याची प्रत होते, पण त्यामागची कर्नलमधली नोंद दोघांची एकच राहते आणि फाइलमधली जागाही त्या नोंदीतच असते. त्यामुळे कंसात एलएस आणि डेट घालून दोघांचं आउटपुट एकाच फाइलकडे वळवलं तर डेट एलएसच्या मजकुरावर लिहीत नाही, त्याच्यापुढे लिहितो.

पाइपपासून खरी गंमत सुरू झाली. ‘कॅट | सॉर्ट | हेड’ ही तीन टप्प्यांची साखळी मी कसोटीला घेतली, आणि सॉर्ट त्यात मुद्दाम ठेवला. इनपुट संपल्याशिवाय सॉर्ट एक ओळही बाहेर टाकू शकत नाही, म्हणजे ईओएफ, इनपुट संपल्याची खूण, पोचला नाही तर तो लगेच उघडा पडतो. पहिल्या प्रयोगात दोन्ही पाइप सुरुवातीलाच बनवले, तिन्ही चाइल्ड फोर्क केले, आणि ड्यूप२ नंतरची सगळी क्लोज मुद्दाम गाळली. साखळी थिजली. कॅट काम संपवून गेलेला, सॉर्ट रीडमध्ये बसलेला, हेड सॉर्टच्या वाटेकडे डोळे लावून, आणि माझा शेल वेटपिडमध्ये.

दुसऱ्या टर्मिनलवर प्रॉकमध्ये (कर्नल चालू प्रोसेसची माहिती फाइलींसारखी दाखवतो ती डिरेक्टरी) सॉर्टच्या पीआयडीखालची, म्हणजे प्रोसेस क्रमांकाखालची, एफडी डिरेक्टरी उघडली. तिथे प्रत्येक आकड्यापुढे पाइप आणि चौकटी कंसात इनोडचा क्रमांक दिसतो. तोच क्रमांक शेलकडे होता, हेडकडे होता आणि खुद्द सॉर्टकडेही. रीडला ० मिळतो तो लिहिण्याचं टोक धरणारा एकही जण उरला नाही तरच. सातबाऱ्यावर एका जरी वारसाची सही राहिली तरी जमिनीचा व्यवहार अडतो, तसं. इथे तर सॉर्ट स्वतःच एक वारस होता आणि स्वतःच्याच सहीची वाट बघत बसला होता.

मग डॅशची पद्धत नीट पाहिली. तो सगळे पाइप आधी बनवतच नाही. एक पाइप करतो, फोर्क करतो, पॅरेंटमध्ये लिहिण्याचं टोक लगेच बंद करतो आणि वाचण्याचं टोक पुढच्या फोर्कपुरतं जवळ ठेवतो. साखळी वीस टप्प्यांची असली तरी पुढच्या चाइल्डच्या वाट्याला नको असलेलं जवळजवळ काही जात नाही. बंद करायच्या टोकांची यादी सांभाळण्यापेक्षा ती मुळात जन्मालाच येऊ न देणं मला फार आवडलं, आणि माझा लूप मी तसाच बदलला.

उलट बाजूही तपासली. ‘येस | हेड -१’ मध्ये हेड एक ओळ घेऊन निघून जातो. वाचणारा कुणी उरला नाही की येसच्या पुढच्या राइटला कर्नल सिगपाइप पाठवतो आणि तो मरतो. बॅशच्या पाइपस्टेटसमध्ये (साखळीतला प्रत्येक जण कसा संपला त्याची नोंद) त्याच्यापुढे १४१ दिसतं: १२८ अधिक सिगपाइपचा १३. पण शेलने वाचण्याचं टोक धरून ठेवलं तर कर्नलच्या लेखी वाचणारा अजून जिवंत आहे. येस पाइप भरून टाकतो, लिनक्सवर एरवी ६५,५३६ बाइट, आणि राइटमध्येच झोपी जातो. टोक सोडायचं राहिलं की लिहिणारा काय आणि वाचणारा काय, कुणीतरी लटकतोच.

डॅशच्या सोर्समध्ये ड्यूप२ आणि क्लोजच्या आधी एक छोटीशी अट आहे: लिहिण्याच्या टोकाचा आकडा १ पेक्षा मोठा असेल तरच पुढे जा. ही अट आधी मला अनावश्यक वाटली. मग माझा शेल इनपुट आणि आउटपुट दोन्ही बंद करून सुरू केला. कर्नल नेहमी सर्वांत लहान मोकळा आकडा देतो, त्यामुळे पाइपच्या वाचण्याच्या टोकाला ० आणि लिहिण्याच्या टोकाला १ मिळाला. १ वर १ ड्यूप२ केला तर काहीच होत नाही, आणि पुढची क्लोज नेमकं तेच टोक बंद करून टाकते. डीमन म्हणून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचे ०, १, २ कधीकधी खरंच बंद असतात, म्हणून ही वेळ वाटते तितकी विरळ नाही.

कोडमध्ये कुठे नसून छळणारा आणखी एक वारसा म्हणजे स्टडआयओचा बफर, सी लायब्ररी मजकूर बाहेर टाकण्याआधी साठवते ती जागा. फोर्कच्या आधी प्रिंटएफने काही लिहिलं आणि ते अजून बफरमध्येच असेल, तर त्याचीही प्रत होते. टर्मिनलवर ओळ संपली की बफर रिकामा होतो म्हणून तिथे काही जाणवत नाही. तोच प्रोग्रॅम पाइपला जोडला की एकच ओळ दोनदा उमटते. उपाय दोन: फोर्कपूर्वी एफफ्लश, आणि एक्झेक फसलं तर चाइल्डने साध्या एक्झिटऐवजी अंडरस्कोरवालं एक्झिट वापरायचं, जे बफर बाहेर न टाकताच संपतं.

सिग्नलचे वारसा-नियम माझ्यासाठी सर्वांत नवे होते. कंट्रोल-सी दाबल्यावर शेलने मरू नये म्हणून त्यात सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीचा सिग्नल, दुर्लक्षित करून ठेवला. शेल वाचला, पण त्यातून चालवलेला स्लीपही कंट्रोल-सीला जुमानेना. एक्झेक झालं की आपण लावलेले हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारी फंक्शन) पुसले जातात, हे साहजिकच, कारण ते फंक्शन ज्या प्रोग्रॅममध्ये होतं तोच आता नाही. ‘दुर्लक्ष कर’ ही सूचना मात्र तशीच पुढे जाते, आणि रोखून ठेवलेल्या सिग्नलचा मास्क, म्हणजे त्यांची यादीही. टर्मिनल गेलं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी नोहप ही कमांड नेमकी यावरच उभी आहे: टर्मिनल तुटल्याचा सिगहप दुर्लक्षित करायचा आणि एक्झेक करायचं, बास. म्हणून फोर्क आणि एक्झेकच्या मधल्या जागेत शेलने सिगइंट, सिगक्विट, सिगटीएसटीपी वगैरे पुन्हा मूळ वागणुकीवर आणायचे आणि मास्क मोकळा करायचा.

हे कळल्यावर एक जुनं कोडंही सुटलं. पायथनच्या ओएस.सिस्टिममधून ‘येस | हेड -१’ चालवलं की ब्रोकन पाइपची तक्रार छापली जाते, आणि तेच टर्मिनलवर चालवलं तर काही नाही. पायथन सुरू होतानाच सिगपाइप दुर्लक्षित करतो, ते येसपर्यंत झिरपतं, आणि मग तो निमूट मरण्याऐवजी राइटची एरर छापतो. सबप्रोसेस मॉड्यूल हे ३.२ पासून आपणहून पूर्ववत करतं.

चाइल्ड मेल्यावर पॅरेंटला येणाऱ्या सिगचाइल्डबद्दल थोडक्यात. तीन चाइल्ड एकदम मेले तरी सिग्नल एकदाच येऊ शकतो, म्हणून वेटपिड डब्ल्यूनोहँगसह (वाट न बघता लगेच परत ये) मेलेला कुणी उरत नाही तोपर्यंत लूपमध्ये फिरवायचा. हँडलरमध्ये प्रिंटएफ किंवा मेमरी मागणारा मॅलॉक नको, कारण मुख्य कोड त्याच क्षणी मॅलॉकचं कुलूप धरून उभा असेल तर दोघं एकमेकांत अडकतात. मी डॅन बर्नस्टाइनची सेल्फ-पाइपची युक्ती घेतली: हँडलरने स्वतःच्याच एका पाइपमध्ये एक बाइट टाकायचा, बाकी सगळं पोलच्या (कुठल्या डिस्क्रिप्टरवर काही आलंय का याची वाट बघणाऱ्या कॉलच्या) लूपमध्ये. दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग हवीत, हँडलरमध्ये एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक) जपून ठेवायला हवा, आणि हा पाइप चाइल्डकडे जाता कामा नये, म्हणून पाइप२ ला ओ_क्लोएक्झेक (एक्झेक होताच आपोआप बंद हो, असा झेंडा) देऊन तो बनवायचा. पाइप बनवून मग एफसीएनटीएलने झेंडा लावला तर दुसरा थ्रेड नेमका मधल्या फटीत फोर्क करू शकतो. लिनक्समध्ये २००८ साली, २.६.२७ मध्ये, पाइप२ आला तो हीच फट बुजवायला.

जॉब कंट्रोल, म्हणजे कंट्रोल-झेडने कमांड थांबवणं आणि पुन्हा चालू करणं, मी अर्ध्यावरच सोडलं. प्रत्येक साखळीला वेगळा प्रोसेस ग्रुप, सेटपीजीआयडी पॅरेंट आणि चाइल्ड दोघांनी करायचं म्हणजे कोण आधी धावतं याची चिंता उरत नाही, आणि टर्मिनल परत घेताना शेलने सिगटीटीओयू (मागे असलेल्या प्रोसेसने टर्मिनलला हात लावला की येणारा सिग्नल) दुर्लक्षित ठेवायचा, नाहीतर तोच थांबवला जातो. एवढ्यावर कंट्रोल-झेड चालू लागलं. तेवढं मला पुरेसं होतं.

एव्हाना डीमनकडे परत जायला हरकत नव्हती. त्याची एक जुनी तक्रार होती. तो अचानक मेला की पुन्हा सुरू होताना बाइंडवर, म्हणजे नेटवर्कचा पोर्ट ताब्यात घेताना, ‘पत्ता आधीच वापरात’ म्हणून अडायचा, आणि उपकरण रीबूट करावं लागायचं. सॉकेटला एसओ_रियूजअ‍ॅड्र (पत्ता पुन्हा वापरू देणारा पर्याय) लावलेला होता, तरीही. पोर्ट कोणाकडे आहे ते दाखवणारं एसएस -एलटीएनपी केल्यावर पोर्ट धरून बसलेला दिसला तो एक मदतनीस, ज्याच्या कोडमध्ये नेटवर्कचा एक शब्द नाही. डीमन मेला, पण त्याने फोर्क केलेला हा चाइल्ड लिसनिंग सॉकेटचा वारसा घेऊन जिवंत होता. कुणी लिसन करत असेल तर लिनक्सवर रियूजअ‍ॅड्रचा उपयोग होत नाही.

सॉकेटला सॉक_क्लोएक्झेक, ॲक्सेप्टच्या जागी ॲक्सेप्ट४, ओपनला ओ_क्लोएक्झेक आणि एफओपनच्या मोडमध्ये ‘ई’ एवढं घातल्यावर आमच्या कोडमधली सगळी टोकं गेली. एका बाहेरच्या लायब्ररीने उघडलेला एक आकडा मात्र तरीही पुढे जात होता. त्यासाठी आकड्यांची सलग रांग एकदम बंद करणारा क्लोज_रेंज आहे, पण तो कर्नल ५.९ पासून, आणि आमच्या उपकरणावर ४.१९. प्रॉकमधली एफडी डिरेक्टरी वाचावी तर ओपनडिर आतून मॅलॉक करतो, आणि अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये फोर्क आणि एक्झेकच्या मध्ये ते चालत नाही. शेवटी तिथे ३ पासून १०२३ पर्यंत एक साधा फॉर लूप ठेवला. एसट्रेसमध्ये तो फार कुरूप दिसतो, प्रत्येक मदतनीसामागे १०२१ क्लोज आणि बहुतेकांपुढे ईबॅडएफ, म्हणजे ‘हा आकडा उघडलेलाच नाही’. कर्नल बदलेपर्यंत तो तसाच राहील.