ताणलेलं रबर

इडलीचं पार्सल आणलं की सांबाराच्या पिशवीचं रबर सोडवणं हे माझं काम. पार्सलवाला ते असं काही आवळतो की नख घालूनही सुटत नाही. घरातले सरळ कात्री मागतात. कात्री लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. रबर अख्खं निघालं पाहिजे आणि नळाच्या मानेवर बसलं पाहिजे.

परवा दुपारी असंच एक सोडवलं, झटक्यात ताणलं आणि ओठाला लावलं. कोमट. तसंच ताणून जरा थांबलो, मग सैल सोडून पुन्हा लावलं. गार! ही काही माझी एकट्याची खोड नाही. जॉन गॉफ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी ओठांचाच हा प्रयोग लिहून ठेवलाय, तो १८०५ मध्ये छापून आला. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती.

पोलादाची स्प्रिंग ताणली की अणू एकमेकांपासून ओढले जातात, त्या ओढाताणीत ऊर्जा साठते. रबराचं तंत्रच निराळं. आतल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एरवी गुंता होऊन पडलेल्या असतात. ताणल्या की बिचाऱ्या प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या सरळ होतात आणि सुटका होताच पुन्हा गोंधळात पळतात. रबर मागे खेचतं ते मुख्यतः एवढ्यासाठी. म्हणून तर वजन टांगलेलं रबर तापवलं की लांबायचं सोडून आखडतं.

मामाच्या गावी हे कुणाला ठाऊक होतं! पेरूच्या फांदीचं बेचकं, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, मध्ये जुन्या चपलेचं कातडं. झाली बेचकी. खडा कातड्यात चिमटीने धरायचा, पट्टी कानापर्यंत ओढायची, एक डोळा मिटायचा. "सोडू नको, सोडू नको," दादा मागून म्हणायचा. दंड थरथरायला लागायचा, ट्यूबचा वास नाकात. सुटली की सकाळची भाकरी दंडातून ट्यूबमध्ये, ट्यूबमधून खड्यात. चिंच पडायची नाही, ते सोडा.

पुढे शाळेत सरांनी फळ्यावर लिहिलं: विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. म्हणजे ताणलेली बेचकी धरून घामाघूम झालेला पोरगा काहीच करत नाही! बेचकीवर कार्य होत नाही हे कबूल. पण दंडातले स्नायू तेवढा वेळ आतल्या आत राबतच असतात, त्यात भाकरी जळते. एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

आजोबांनी या भानगडीत कधी डोकं घातलं नाही. त्यांच्या पायजम्याला शेवटपर्यंत नाडीच. इलॅस्टिकवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, आणि आमच्या चड्ड्या बघता आम्हाला वाद घालायला तोंडही नव्हतं.