बाघची कालवं

सह्याद्रीत वीस वर्षं भटकले, पण दगडात शिंपला कधी दिसला नाही. दिसणार तरी कसा? आपला काळा कातळ सगळा लाव्हाचा. म्हणूनच मध्य प्रदेशातलं बाघ हे गाव बरीच वर्षं डोक्यात होतं; तिथे दगडात शिंपले सापडतात. या डिसेंबरात बाबांना घेऊन इंदूरहून धारमार्गे तिथे गेले.

लोक इथे येतात ते पाचव्या-सहाव्या शतकातली लेणी बघायला. मी भिंतींवरूनच हात फिरवत राहिले. अजिंठ्याचा कातळ हाताला घट्ट लागतो; इथे तळव्याला रेव चिकटते. हा निमार वालुकाश्म. त्याच्या ठिसूळपणामुळेच लेण्यांची पडझड झाली.

खालचे थर नदीने आणलेल्या वाळूचे, वरच्यांत मात्र खारं पाणी शिरलेलं. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून थेट इथवर आला होता! या वाळूत शार्कचे दातही सापडले आहेत.

गावाबाहेर एका ओढ्याच्या काठावर वालुकाश्माचा थर उघडा पडला होता. त्यात अंगठ्याएवढ्या जाड, फाटे फुटलेल्या नळ्या, आतली वाळू बाहेरच्यापेक्षा जरा गडद. बाबा श्रीवर्धनचे. वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही तर बिळं! भरती ओसरल्यावर आपल्याकडे पुळणीवर असतात तशी." बरोबरच होतं त्यांचं. खेकडे-कोळंबीच्या कुळातल्या जीवांनी अशी बिळं पोखरायची, वाळूने ती भरून जायची आणि तशीच दगड व्हायची.

थोडं वर चढलो आणि कालवं लागली. एकाला एक चिकटलेली, कडांना वळ्या असलेली, थरच्या थर. बाबा तिथेच बसले. लहानपणी आजीबरोबर खडकावरची कालवं काढायला जायचे ते. या शिंपांवरून कितीतरी वेळ त्यांची बोटं फिरत होती. त्यावरच्या चुनखडीत अमोनाइट, म्हणजे गुंडाळीसारख्या शंखात राहणारे, आता नामशेष झालेले समुद्री जीव, आणि समुद्री साळू, म्हणजे अंगभर काटे असलेले गोलसर समुद्री जीव, सापडतात. आम्हाला साळू एकच दिसला, सुपारीएवढा, पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी. फोटो काढला, तो जागचा हलवला नाही.

आणि या सगळ्याच्या डोक्यावर, टेकडीच्या माथ्याला, ओळखीचा काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या सह्याद्रीचाच लाव्हा. समुद्र हटून गेल्यावर कितीतरी काळाने तो इथवर पसरला.

परतताना एका शेताच्या बांधात कालवांनी गच्च भरलेला दगड रचलेला दिसला. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा खाली उतरले.