वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्रात जाताना

मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नकाशावर शोधायचे असेल तर आधी सावित्री नदीचे मुख शोधावे. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. तिचा उत्तरेकडील काठ रायगड जिल्ह्याचा आणि दक्षिणेकडील रत्नागिरी जिल्ह्याचा. दक्षिणेच्या काठाने बाणकोटचा किल्ला मागे टाकून पुढे गेले की थोड्याच वेळात वेळास येते. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव, म्हणून इतिहासाच्या वाचकांना त्याचे नाव आधीपासून ठाऊक असते. परंतु गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रभर ते पोहोचले आहे ते ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. मार्च महिन्यातील एका शनिवार-रविवारी आम्ही तेथे गेलो, तो कासवांची पिल्ले समुद्रात जाताना प्रत्यक्ष पाहता यावीत म्हणून.

मुंबईहून किंवा पुण्याहून माणगावमार्गे मंडणगड गाठून वेळासला उतरता येते. आम्ही मात्र श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो आणि तेथून गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडून वेश्वीच्या धक्क्यावर उतरलो. ज्यांना वेळेची फार घाई नाही त्यांनी हाच रस्ता धरावा. खाडीच्या मध्यावर आल्यानंतर एका बाजूला आत शिरत गेलेले नदीचे पात्र, दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र आणि समोर बाणकोटची टेकडी असे सगळे एकाच वेळी दिसते, आणि या खाडीवर पहारा ठेवण्यासाठी किल्ला नेमका येथेच का बांधला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. जांभ्या दगडाचा हा किल्ला लहानसा आहे. आंग्र्यांच्या काळात त्याला हिंमतगड म्हणत असत आणि पुढे १७५५ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया असे ठेवले. आम्ही तटावरून एक फेरी मारली आणि दुपारी वेळासला पोहोचलो.

गावात मोठी हॉटेले नाहीत. गावकऱ्यांच्या घरीच राहायचे, त्यांच्याच ओटीवर किंवा माजघरात अंथरूण टाकायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात शिजेल ते जेवायचे, अशी येथील पद्धत आहे. आमच्या यजमान काकूंनी आम्हाला पाणी देताच पहिली गोष्ट सांगितली ती किनाऱ्याची. "संध्याकाळी टोपल्या उघडतात तेव्हा वेळेवर जा, पण पिल्लं निघतीलच असं मनात धरून जाऊ नका. ती त्यांच्या वेळेला येतात," असे त्या म्हणाल्या. पुढच्या काही तासांत हेच वाक्य आम्ही निरनिराळ्या माणसांकडून ऐकले आणि दर वेळी ते तितक्याच शांतपणे सांगितले गेले.

सुरूच्या झाडांमधून वाट किनाऱ्यावर उतरते. भरतीच्या रेषेपासून बऱ्याच वर, जाळीचे कुंपण घालून वाळूचा एक तुकडा राखलेला आहे. हेच अंड्यांचे संवर्धन केंद्र. आत ओळीने घरटी आणि प्रत्येक घरट्याजवळ एक पाटी. तिच्यावर अंडी कोणत्या तारखेला मिळाली आणि किती होती, याची नोंद. ज्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांच्यावर वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, म्हणजे वाळूतून वर आलेली पिल्ले इतस्ततः पांगत नाहीत आणि पक्ष्यांच्या तावडीतही सापडत नाहीत. या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडून पाहतात.

त्या संध्याकाळी एकेक टोपली उचलली गेली आणि प्रत्येकीखाली सपाट वाळूच होती. जमलेल्या लोकांमधून निराशेचा सूर उमटला आणि काही जण लगेच माघारी वळले. आम्ही थांबलो, आणि थांबलो याचे मला अजूनही समाधान वाटते, कारण गर्दी पांगल्यावर तेथील कासवमित्राने आम्हाला कुंपणापाशी उभे करून जे समजावून सांगितले, त्याच्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसले त्याचा अर्थ लागला. कासवांचे संरक्षण करणाऱ्या गावकऱ्यांना कोकणात कासवमित्र म्हणतात. हे काम करणारी माणसे लहानपणापासून या वाळूवर वावरलेली असतात.

ऑलिव्ह रिडलेची मादी आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालते. ती रात्री पाण्याबाहेर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी जागा शोधते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने तो बुजवते, आपल्या अंगाचा भार देऊन वरची वाळू चोपते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. सकाळी मागे राहतो तो वाळूवरचा रुंद माग: एक समुद्रातून येणारा आणि एक समुद्राकडे जाणारा. कासवमित्र भल्या पहाटे, उजाडण्याच्याही आधी, संपूर्ण किनारा चालून जातात ते हा माग शोधण्यासाठी. माग जेथे वळतो तेथील विस्कटलेल्या वाळूत काठी हलकेच टोचून पाहतात. खालची वाळू पोकळ लागली की खड्डा नेमका कोठे आहे ते कळते.

हेच कौशल्य एके काळी अंडी पळवण्यासाठी वापरले जात होते. किनाऱ्यावरची बहुतेक घरटी माणसांच्या हाती लागत, आणि जी सुटत ती कुत्र्यांच्या किंवा कोल्ह्यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी कोकण किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वेळासच्या या घरट्यांची माहिती मिळाली आणि २००२ मध्ये त्यांनी येथे संरक्षणाचे काम सुरू केले. समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंडी गोळा करणे हा गुन्हा होताच. परंतु कायद्याची भीती घालून एवढ्या लांब किनाऱ्यावर रात्रंदिवस पहारा ठेवता आला नसता. वाळूवरचा माग ज्यांना वाचता येतो त्यांनाच रक्षणाच्या कामात आणणे आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासाचे उत्पन्न गावातील घरांपर्यंत पोहोचवणे, हा मार्ग या मंडळींनी निवडला. माझ्या मते वेळासच्या यशाचे मर्म यातच आहे. येथे कासव वाचले तर गावाचे भले होते, आणि हे गावातल्या प्रत्येक घराला दिसते. आता वन विभाग आणि त्याचा कांदळवन कक्षही या कामात आहेत आणि आंजर्ले, गुहागर अशा कोकणातील इतर अनेक किनाऱ्यांवर हेच काम चालते.

घरटे सापडले की अंडी काढून केंद्रात आणतात. हे काम लवकर आणि फार हलक्या हाताने करावे लागते, कारण काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर जीव आतच दगावण्याचा धोका असतो. केंद्रातला खड्डाही मादीने केला होता तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, आणि तेवढाच खोल करतात. पुढचे ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. या उबेवर आणखी एक गोष्ट ठरते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर अवलंबून असते: साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्हींचा तोल राहतो, त्याहून वाळू तापली तर माद्या अधिक निपजतात आणि थंड राहिली तर नर. हे ऐकल्यावर दुपारी पायांना भाजणाऱ्या त्याच वाळूकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. उन्हाळा जसजसा कडक होत जाईल तसतशी ही जात एकाच लिंगाकडे झुकत जाण्याची काळजी अभ्यासकांना वाटते, आणि ही काळजी केवळ पहाऱ्याने मिटणारी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता किनाऱ्यावर होतो. पहिल्या दोन टोपल्यांखाली काही नव्हते. तिसरी उचलल्यावर वाळूच्या मधोमध एक खळगा पडलेला दिसला आणि त्यात काळपट करड्या रंगाची, तळहाताच्या मध्यभागी मावतील एवढी पिल्ले एकमेकांवर चढत होती. घरट्यातील पिल्ले एकेकटी वर येत नाहीत. कवच फोडल्यावर ती आतच थांबतात, सगळ्यांच्या हालचालीने वरची वाळू खाली ढासळत जाते आणि तिच्यावर पाय रोवत सगळा जथा मिळून पृष्ठभागाकडे सरकतो. हा प्रवास काही दिवसही चालतो. बाहेर येईपर्यंत त्यांच्याजवळ अंड्यातील बलकाची उरलेली शिदोरी असते आणि तिच्याच बळावर त्यांना लाटा पार करून खोल पाण्यापर्यंत पोहत जायचे असते. म्हणूनच पिल्ले वर आल्यानंतर त्यांना फार वेळ ताटकळत ठेवू नये.

पिल्ले मोजून टोपलीत घेतली आणि कासवमित्र पाण्याच्या दिशेने निघाले. दोऱ्या बांधून पाहुण्यांसाठी मर्यादा आखलेली होती. कोणीही दोरी ओलांडायची नाही, फ्लॅश वापरायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, हे पुन्हा एकदा सांगण्यात आले. त्यानंतर पाण्यापासून काही पावलांवर, कोरड्या वाळूत टोपली हलकेच कलती केली गेली. पिल्ले थेट पाण्यात का सोडत नाहीत, असा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा कासवमित्र म्हणाले, "वाळूवरून त्याचं त्यालाच जाऊ द्यायचं, ताई. आपण उचलून टाकलं तर त्याला हा किनारा कसा कळणार?" वयात आलेल्या माद्या अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या परिसरात परततात आणि त्या किनाऱ्याची ओळख त्यांना या पहिल्या वाटचालीत होते, असे मानले जाते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाणही त्यांना त्यासाठी उपयोगी पडते, असे संशोधन सांगते.

क्षणभर पिल्ले निश्चल होती. मग एकाने मान उचलली, पुढचे दोन्ही वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने वाळूत रोवले आणि ते निघाले. त्याच्या मागोमाग बाकीचीही निघाली. मोकळ्या समुद्रावरचे उजळ क्षितिज त्यांना दिशा दाखवते, आणि याच कारणाने किनाऱ्यालगतचे दिवे त्यांच्यासाठी घातक ठरतात. माणसाच्या पावलाचा ठसा त्यांना केवढा खोल असतो, हे त्या सकाळी मी पाहिले. दोरीच्या आत कोणाचे तरी आदल्या दिवसाचे एक पाऊल उमटलेले राहिले होते. एक पिल्लू त्यात उतरले आणि त्याला टाचेच्या बाजूची चढण चढून बाहेर यायला तीन वेळा घसरावे लागले. तोवर बरीच पिल्ले ओल्या वाळूपर्यंत पोहोचली होती. तेथे त्यांचा वेग वाढला. पहिल्या लाटेने काहींना उचलून पुन्हा मागे आणून टाकले, काही उताणी झाली, सरळ झाली आणि पुन्हा निघाली. दुसऱ्या लाटेत बहुतेक सगळी दिसेनाशी झाली. एखादे काळे डोके फेसात वर यायचे आणि जायचे. तो ठशात अडकलेला जीव सर्वांत शेवटी पाण्यात गेला, तेव्हा दोरीमागच्या एवढ्या माणसांपैकी कोणी जागचे हलले नव्हते.

हजार पिल्लांमागे जेमतेम एखादे वयात येते, असा एक अंदाज नेहमी सांगितला जातो. मासे, पक्षी, मासेमारीची जाळी आणि पाण्यात तरंगणारे प्लास्टिक या सर्वांतून वाचलेली मादी साधारण दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालण्याजोगी होते. मधल्या काळात ती कोठे असते याविषयी फार थोडे कळलेले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रहाद्वारे माग देणारे यंत्र बसवण्यात आले. त्यानंतर २०२३ मध्ये गुहागरला असेच यंत्र बसवलेली 'बागेश्री' दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याच्या उलट, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. ओडिशात लाखो कासवे एकाच वेळी किनाऱ्यावर येतात आणि आपल्याकडे एकेकटी येतात, म्हणून या दोन किनाऱ्यांचा काही संबंध नसावा असा आपला समज होता. या नोंदीनंतर तो तसाच धरून चालणार नाही.

परतण्याआधी आणखी एक काम पाहायला मिळाले, जे बहुतेक पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. काही दिवसांपूर्वी पिल्ले निघून गेलेले एक घरटे कासवमित्रांनी हातांनी उकरले. रिकामी कवचे एका बाजूला, न उबलेली अंडी दुसऱ्या बाजूला मांडली गेली, दोन्ही मोजली गेली आणि वहीत आकडे लिहिले गेले. तळाशी एक पिल्लू जिवंत सापडले. गर्दी केव्हाच न्याहारीला गेली होती. त्या पिल्लालाही पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर, तसेच कोरड्या वाळूत ठेवले गेले.

जाण्याचा विचार असणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ निवडावा आणि निघण्यापूर्वी गावात चौकशी करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत ते विचारून घ्यावे. निवासाची सोय आधीच करावी, कारण सुट्टीच्या दिवसांत गावातली घरे भरून जातात. एका रात्रीऐवजी दोन रात्री राहता आल्यास पिल्ले दिसण्याच्या संधी जवळजवळ दुप्पट होतात. किनाऱ्यावर अंधारात जाणे टाळावे, जावेच लागले तर कासवमित्रांना विचारून जावे आणि विजेरी लावू नये. अंडी घालायला आलेली मादी उजेडाने बिथरून तशीच माघारी फिरते.